दिवाळे, कर्ज आणि मुलांचे शिक्षण : शरीअतचे मार्गदर्शन

रायगडच्या किनारपट्टीवरील मुस्लिम कुटुंबांचा चरितार्थ प्रामुख्याने चार गोष्टींवर चालत आला आहे : आखाती देशांतील नोकरी, मासेमारी, नारळ-सुपारीच्या वाड्या आणि बाजारपेठेतील लहानमोठी दुकाने. या चारही गोष्टी चांगल्या चालत असताना घर भरलेले दिसते; पण त्या एका वर्षात, कधी एका दिवसातही कोसळू शकतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग या परिसरातील माड आणि पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. नव्याने लावलेली पोफळ फळ देऊ लागण्यास पाच-सात वर्षे घेते. त्याच वर्षी महामारीमुळे आखातातील अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्यांनी वाडीवर, होडीवर किंवा दुकानावर कर्ज काढले होते, त्यांच्यापैकी कित्येकांचे हप्ते तेव्हा थकले आणि काहींचे व्यवहार कायमचे बुडाले.

अशा घरात मुलगा किंवा मुलगी बारावी उत्तीर्ण होते, अभियांत्रिकी, औषधनिर्माण वा परिचर्या यांसारख्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो आणि शुल्काचा प्रश्न उभा राहतो. बँक म्हणते, "वडिलांचे खाते थकीत आहे." नातेवाईक म्हणतात, "पूर्वीचेच परत आले नाही." मग घरात दोन प्रकारची उत्तरे सुचू लागतात. एक, शिक्षण सोडून मुलाने मिळेल त्या कामाला लागावे. दुसरे, वडिलांची स्थिती लपवून कोठून तरी पैसा उभा करावा. प्रिय वाचकहो, ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. दिवाळे निघालेल्या माणसाविषयी आणि ज्ञान मिळवू पाहणाऱ्या त्याच्या अपत्याविषयी शरीअत काय सांगते, देशाचा कायदा काय म्हणतो आणि या दोहोंच्या प्रकाशात कुटुंबाने कोणत्या क्रमाने पावले टाकावीत, याचा या लेखात विचार करू.

नादार माणसाविषयी कुरआनची भूमिका

सूरह अल्-बकराच्या 275 ते 279 या आयतींत व्याज निषिद्ध ठरविले आहे. त्यास लागूनच, 280 व्या आयतीत आज्ञा आहे की ऋणको अडचणीत असेल तर त्याची परिस्थिती सुधारेपर्यंत त्याला सवड द्यावी. आणि पुढे सांगितले आहे की ते कर्ज माफच करणे धनकोसाठी अधिक हितकर आहे. 282 वी आयत कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत आहे. तिचा विषयही कर्जच आहे : मुदत ठरवून केलेला व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे.

हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. व्याजास मनाई, अडचणीतील माणसास सवड आणि कर्ज लेखी ठेवण्याची ताकीद, या तीन आज्ञा एकमेकींना धरून आल्या आहेत. आपण बहुधा पहिलीच आज्ञा आठवतो. व्याज हराम आहे हे सर्वांना ठाऊक असते. पण सवड देणे हाही त्याच प्रकरणातील आदेश आहे आणि लेखी करार न करता भावाला दिलेले कर्ज पुढे वैराचे कारण होते, हे विसरले जाते. ज्या समाजात दुसरी व तिसरी आज्ञा पाळली जात नाही, तेथे पहिली आज्ञा पाळणे गरिबाला अतिशय कठीण होऊन बसते.

सूरह अत्-तौबाच्या 60 व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत कर्जाखाली दबलेल्यांचा, म्हणजे 'गारिमीन'चा, स्वतंत्र उल्लेख आहे. गरीब व मिस्कीन यांच्याशिवाय कर्जदाराला वेगळे स्थान मिळाले आहे, कारण वरून सुस्थितीत दिसणारा मनुष्यही आतून कर्जाने पोखरलेला असू शकतो.

प्रेषितकाळातील तीन प्रसंग

पहिला प्रसंग सहीह मुस्लिममध्ये मा. अबू सईद खुदरी (रजि.) यांच्याकडून आला आहे. एका माणसाने फळांचा माल विकत घेतला होता. त्या फळांवर आपत्ती आली आणि त्याच्यावर मोठे कर्ज झाले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी लोकांना सांगितले की त्याला दान द्या. लोकांनी दिले, तरी कर्ज फिटेना. तेव्हा प्रेषितांनी धनकोंना सांगितले की जे मिळाले ते घ्या. याहून अधिक तुम्हांस मिळणार नाही. आपल्याकडे आंब्याची वा सुपारीची बाग मक्त्याने घेणाऱ्यांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. या प्रसंगात समाज आधी पुढे येतो, धनको जे आहे तेवढे स्वीकारतो आणि आपत्तीत सापडलेल्या माणसावर कोणताही दोष ठेवला जात नाही.

दुसरा प्रसंग मा. मुआज बिन जबल (रजि.) यांचा आहे. ते अत्यंत उदार होते. देता देता ते कर्जात बुडाले. धनकोंनी मागणी केली तेव्हा प्रेषितांनी त्यांची मालमत्ता विकून धनकोंची देणी भागविली आणि मुआज (रजि.) यांच्याजवळ काही उरले नाही. या घटनेच्या सनदीविषयी हदीसतज्ज्ञांनी चर्चा केली आहे. तरी दिवाळ्याच्या प्रकरणात फकीहांनी तिचा आधार घेतला आहे. सर्वस्व विकले गेलेल्या याच मुआज (रजि.) यांना प्रेषितांनी यमनला पाठविले : लोकांना दीन शिकविण्यासाठी, त्यांचे तंटे सोडविण्यासाठी आणि जकात गोळा करण्यासाठी. आर्थिक नादारी ही चारित्र्याची नादारी नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. दिवाळे निघालेल्या माणसाच्या हाती प्रेषितांनी ज्ञानाचे आणि सार्वजनिक धनाचे काम सोपविले. आपण मात्र अशा माणसाला जमातीच्या बैठकीत मागच्या रांगेत बसवितो आणि त्याच्या मुलाच्या हुशारीवरही शंका घेतो.

तिसरा प्रसंग मा. कअब बिन मालिक (रजि.) यांचा. त्यांनी मस्जिदीत आपल्या कर्जदाराकडे तगादा लावला आणि दोघांचे आवाज चढले. प्रेषित (स.) आपल्या खोलीचा पडदा सारून बाहेर आले आणि कअब (रजि.) यांना खुणेने सांगितले की निम्मे सोडा. त्यांनी तत्काळ मान्य केले. मग प्रेषितांनी कर्जदाराला सांगितले की आता उठा आणि उरलेले फेडा. सहीह बुखारीतील हा प्रसंग तडजोडीचा उत्तम नमुना आहे. धनकोने स्वेच्छेने सोडले आणि ऋणकोला उरलेले फेडण्याची आज्ञा झाली. सवलत म्हणजे सुटका नव्हे.

सर्व दिवाळी सारखी नसतात

येथे दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये मा. उमर (रजि.) यांच्या काळातील एक घटना आहे. जुहैना टोळीतील उसैफिअ नावाचा मनुष्य हजच्या प्रवासात सर्वांच्या पुढे पोहोचण्याच्या हौसेने चढ्या भावाने उंटिणी विकत घेई. शेवटी त्याचे दिवाळे निघाले. मा. उमर (रजि.) यांनी लोकांसमोर त्याच्या या वृत्तीची निंदा केली, सकाळी धनकोंना बोलावून त्याची मालमत्ता वाटून दिली आणि कर्जापासून सावध राहण्याचा इशारा दिला.

फळांवर आपत्ती आलेल्या माणसाला प्रेषितांनी दान मिळवून दिले आणि मिरवण्यासाठी कर्ज काढणाऱ्याला मा. उमर (रजि.) यांनी चारचौघांत समज दिली. दोघेही नादारच होते, पण नादारीचे कारण वेगळे होते. वाचकहो, आपल्या घरांत लग्नाचे जेवण, हळदीचा मंडप आणि गावात सर्वांत उंच बंगला यांसाठी काढलेले कर्ज यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, याचा प्रामाणिक विचार करावा. मुलीच्या लग्नासाठी नि:संकोच काढलेले कर्ज तिच्या शिक्षणासाठी मात्र परवडत नाही, असे म्हणणारी घरे आपल्या किनाऱ्यावर आजही आहेत.

शाफई फिकहमधील नियम

कोकणातील मुस्लिम बहुसंख्येने शाफई आहेत. म्हणून या मजहबमधील नियम थोडक्यात पाहू. देणी मालमत्तेपेक्षा अधिक झाली आणि धनकोंनी मागणी केली तर काझी त्या माणसाच्या मालमत्तेच्या व्यवहारांवर बंदी घालतो. तिला 'हज्र' म्हणतात. मालमत्ता विकून धनकोंना त्यांच्या देण्याच्या प्रमाणात वाटली जाते. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी स्वतंत्र व सज्ञान माणसावर अशी बंदी घालण्यास संमती दिली नाही, त्यांच्या दोन्ही प्रमुख शिष्यांनी मात्र ती मान्य केली.

महत्त्वाचा प्रश्न असा की त्या माणसाजवळ काय ठेवायचे? शाफई मतानुसार त्याला शोभतील असे कपडे आणि वाटणीच्या दिवसाचा त्याचा व त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचा खर्च ठेवला जातो. त्याच्या राहत्या घराविषयी मजहबांत मतभेद आहेत. अनेक शाफई फकीहांनी असेही म्हटले आहे की आलिमाला लागणारी त्याची पुस्तके विकू नयेत. देणे फेडण्यासाठी इतर बरेच काही विकले जात असताना ज्ञानाचे साधन वेगळे काढून ठेवण्याचा हा विचार मनावर कोरून ठेवावा. भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 60 व्या कलमातही कारागिराची अवजारे जप्तीतून वगळलेली आहेत. ज्या साधनाने मनुष्य पुन्हा उभा राहणार तेच हिरावून घेतले तर धनकोचेही देणे कधीच फिटणार नाही. विद्यार्थ्याचे शिक्षण हे त्या कुटुंबाचे असेच साधन आहे.

आणखी दोन नियम ध्यानात ठेवावेत. नादारी सिद्ध झाली की शाफई मतानुसार त्या माणसाला कैद करता येत नाही आणि त्याच्या मागे तगादा लावून फिरताही येत नाही. मात्र मालमत्ता वाटून झाली म्हणून उरलेले कर्ज संपत नाही. ते फेडले जाईपर्यंत किंवा धनकोने माफ करेपर्यंत त्याच्या जबाबदारीवर राहते. न्यायालयाने कायद्याने मुक्त केले तरी अल्लाहसमोरील हिशेब बाकी असतो.

आपल्या देशातील कायदा

'दिवाळे निघाले' हे शब्द आपण सैलपणे वापरतो. प्रत्यक्षात तीन वेगळ्या अवस्था असतात आणि मुलाच्या शैक्षणिक कर्जावर प्रत्येकीचा परिणाम वेगळा होतो.

पहिली अवस्था थकीत खात्याची. हप्ते थांबल्याने बँकेने खाते अनुत्पादित ठरविलेले असते. आपल्याकडील बहुतेक प्रकरणे येथेच असतात. दुसरी अवस्था तडजोडीची. बँकेने काही रक्कम सोडून खाते बंद केलेले असते. पतअहवालात त्याची नोंद 'पूर्ण फेडले' अशी न होता 'तडजोड' अशी राहते. तिसरी अवस्था न्यायालयाने नादार घोषित करण्याची.

या तिसऱ्या अवस्थेविषयी गैरसमज फार आहेत. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींसाठीचा भाग डिसेंबर 2019 पासून केवळ कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच लागू झाला. सामान्य व्यक्तीसाठी मुंबई शहरात 1909 चा आणि जिल्ह्यांत 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच चालत आला आहे. त्यानुसार रायगडमधील मनुष्याला अलिबागच्या जिल्हा न्यायालयाकडे अर्ज करता येतो. नादार घोषित झाल्यावर ठरलेल्या मुदतीत मुक्ततेसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. मुक्ततेपूर्वी त्याने आपली अवस्था न सांगता 50 रुपये वा त्याहून अधिक उधार घेतले तर या कायद्याच्या 72 व्या कलमाने तो गुन्हा ठरतो आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून असा पिता मुलाच्या कर्जावर गुपचूप सही करू शकत नाही. येथे कायदा आणि शरीअत एकाच जागी येतात. प्रेषित (स.) कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. त्याचे कारण विचारले असता त्यांनी सांगितले की कर्जात पडलेला मनुष्य बोलतो तेव्हा खोटे बोलतो आणि वचन देतो ते मोडतो. लपवाछपवी ही कर्जाची पहिली विषारी फांदी आहे. ती पहिल्याच दिवशी छाटावी.

आता मुलाकडे वळू. पित्याच्या कर्जासाठी मूल जबाबदार नसते. पित्याच्या मृत्यूनंतरही वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच असते. शरीअतचा आणि देशाच्या कायद्याचा हाच नियम आहे. तरीही शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असल्याने बँका त्यांचा पतअहवाल तपासतात. या प्रश्नावर केरळ उच्च न्यायालयाने 2020 साली असा निर्णय दिला की पालकांचा पतगुणांक असमाधानकारक आहे म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही. शिक्षणानंतर विद्यार्थ्याची परतफेडीची क्षमता हा निकष असावा. 2023 मध्ये त्याच न्यायालयाने विद्यार्थ्याच्या स्वत:च्या कमी पतगुणांकाच्या बाबतीतही अशीच भूमिका घेतली. महाराष्ट्रातील बँकांवर हे निर्णय थेट बंधनकारक नाहीत. परंतु अर्जात व तक्रारीत त्यांचा दाखला अवश्य देता येतो.

परदेशांतही हा प्रश्न आहे. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात अशी तरतूद आहे की पूर्वी दिवाळखोरी जाहीर केली एवढ्याच कारणावरून सरकारी विद्यार्थी-कर्ज नाकारता येत नाही. ब्रिटनमध्ये 2017 च्या कायद्यात मुस्लिम विद्यार्थ्यांना चालेल अशा बिनव्याजी पर्यायी विद्यार्थी-अर्थसाहाय्याची तरतूद झाली. पण तिची अंमलबजावणी वर्षानुवर्षे रखडली. कोकणातील अनेक कुटुंबे त्या देशांत स्थायिक आहेत. त्यांनी तेथील नियम त्या दृष्टीने पाहावेत.

कुटुंबाने कोणत्या क्रमाने पावले टाकावीत

प्रथम, सर्व देण्यांची लेखी यादी करावी : कोणाचे किती, कोणत्या तारखेपासून, व्याजासह की बिनव्याजी. पत्नी व सज्ञान मुले यांच्यापासून ती लपवू नये. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवून चुकीच्या नोंदी दुरुस्त करून घ्याव्यात. फिटलेले कर्ज थकीत दिसत असेल तर बँकेचे 'देणे बाकी नाही' असे पत्र घ्यावे.

दुसरे, परत न करावयाची मदत आधी शोधावी. व्यवसाय बुडाल्यावर कुटुंबाचे उत्पन्न घटलेले असते. म्हणून जुना दाखला न वापरता तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा नवा दाखला काढावा. वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असणाऱ्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. या योजनांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावे लागतात. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय घटकांतील मुलींना, उत्पन्न 8 लाखांपर्यंत असल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण माफी मिळते. मुस्लिमांतील अनेक जाती इतर मागासवर्गात येतात. पण जातीचा दाखला वेळेवर न काढल्याने हा हक्क हातचा जातो. प्रवेशाची पावती हाती पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा दहावीनंतरच ही कागदपत्रे तयार ठेवावीत.

तिसरे, कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी कर्ज. नातेवाइकांकडून वा जमातीच्या निधीतून ते घेताना कुरआनच्या आज्ञेप्रमाणे लिहून घ्यावे आणि दोन साक्षीदार ठेवावेत. वडिलांची जुनी देणी शिल्लक असल्यास तेही स्पष्ट सांगावे. शक्य असेल तेथे रक्कम वडिलांच्या हाती न देता थेट महाविद्यालयाच्या खात्यात भरावी. यात अविश्वास नाही. यामुळे जुने धनको त्या पैशावर डोळा ठेवणार नाहीत आणि देणाऱ्याच्या मनालाही स्वस्थता राहील.

चौथे, आणि हे तीनही मार्ग संपल्यावरच, संस्थात्मक कर्जाचा विचार येतो. येथे व्याजाचा गंभीर प्रश्न आहे. बहुसंख्य आलिमांच्या मते व्याजाच्या अटीवर घेतलेले शैक्षणिक कर्जही निषिद्ध व्याजातच मोडते. काही समकालीन आलिमांनी अनिवार्य गरजेच्या कठोर अटींखाली सवलतीची शक्यता मांडली आहे. 'शिक्षणासाठी सर्व काही चालते' असा निर्णय आपला आपण करून घेऊ नये आणि पूर्ण माहितीशिवाय कोणाच्या मुलाला 'हराम' म्हणून दारातून परतवूही नये. विश्वासू मुफ्तींसमोर पुढील तपशील ठेवावा आणि त्यांच्या मार्गदर्शनाने निर्णय घ्यावा.

तो तपशील असा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार 4 लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास तारण मागता येत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदार यांशिवाय कर्ज मिळते. त्यांपैकी साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास सरकार 75 टक्के हमी देते. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांच्या तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, हप्ते सुरू होण्यापूर्वीच्या काळातील व्याजाचा भार सरकार उचलते. 2000 साली स्थापन झालेले मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना कमी दराचे शैक्षणिक कर्ज देते. दर कमी असला तरी व्याजाचा प्रश्न आपोआप मिटत नाही; म्हणून मुफ्तींना तो दर, त्याचे स्वरूप आणि तो कोण भरतो हे नेमके सांगावे.

बँकेकडे जाताना नादार पित्याऐवजी स्वच्छ पतअहवाल असलेली आई, काका वा मामा सहकर्जदार होऊ शकतात का, हे विचारावे. मात्र त्या नातेवाइकाला संपूर्ण वस्तुस्थिती सांगूनच सही घ्यावी. अर्ज नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे. बँकेच्या तक्रार विभागाने दखल घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली विनाशुल्क तक्रार करता येते.

जमातीची जबाबदारी

सहीह बुखारीत आहे की एक जनाजा आणला गेला. मृतावर तीन दीनारांचे कर्ज होते आणि मागे काही नव्हते. प्रेषितांनी स्वत: नमाज पढविण्याचे थांबविले. मा. अबू कतादा (रजि.) म्हणाले की त्याचे कर्ज माझ्यावर, तेव्हा प्रेषितांनी नमाज पढविली. पुढे विजयांनंतर साधने आली, तेव्हा त्यांनी जाहीर केले की जो कर्ज ठेवून मरेल त्याचे कर्ज फेडणे माझ्याकडे. कर्जाचे गांभीर्य आणि समाजाचे उत्तरदायित्व या दोन्ही गोष्टी या एका प्रकरणात आहेत.

कोकणातील गावोगावच्या जमातींत मस्जिदीच्या रंगरंगोटीसाठी, संदलासाठी, मंडपासाठी वर्गणी जमते. तितक्याच सहजतेने 'शिक्षण कर्ज-ए-हसना निधी' उभा राहू शकतो. आखातातील भावांनी दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, निधीचा हिशेब दर वर्षी रमजानपूर्वी जमातीसमोर वाचावा, विद्यार्थ्याचे नाव चारचौघांत न घेता केवळ रक्कम व परतफेड सांगावी. नोकरी लागल्यानंतर सहा महिन्यांनी परतफेड सुरू व्हावी आणि आलेला प्रत्येक हप्ता पुढील विद्यार्थ्याला द्यावा. जकातीच्या पैशाचा हिशेब वेगळा ठेवावा. नादार पिता 'गारिमीन'मध्ये बसतो का आणि गरजू विद्यार्थ्याला कोणत्या प्रकारात जकात देता येते, हे आलिमांना विचारून ठरवावे. इमाम नववी (रह.) यांनी लिहिले आहे की कमाईस समर्थ असूनही जो शरीअतच्या ज्ञानात मग्न आहे आणि कमावू लागल्यास ज्याचे ज्ञानार्जन थांबेल, त्याला जकात देता येते. इतर उपयुक्त विद्यांना हा नियम कितपत लागू होतो, यावर आजचे आलिम मत देतात. आपल्या जमातीने तो प्रश्न त्यांच्यापुढे नेला पाहिजे.

बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांजवळ खंडणीसाठी धन नव्हते पण लिहिता येत होते, त्यांना अन्सारच्या मुलांना लिहिणे शिकविण्याच्या मोबदल्यात सोडण्यात आले. ज्यांच्याजवळ देण्यासाठी एक दिरहमही नव्हता, त्यांची अक्षरविद्या धनाच्या तोलाची मानली गेली. त्या वेळी मदीनेला धनाची गरज कमी होती असे नाही.

विद्यार्थ्यास

प्रिय विद्यार्थ्या, प्रिय विद्यार्थिनी, तुझ्या वडिलांचे कर्ज ही तुझी लाज नाही. पण त्यांच्या थकलेल्या हप्त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मा. जुबैर (रजि.) शहीद झाले तेव्हा त्यांच्यावर 22 लाखांचे कर्ज होते. त्यांचे पुत्र मा. अब्दुल्लाह (रजि.) यांनी जमीन विकून ते फेडले. वारसांनी वाटणी मागितली तेव्हा त्यांनी ती थांबविली आणि चार वर्षे हजच्या मोसमात जाहीर आवाहन केले की ज्याचे जुबैर यांच्याकडे देणे असेल त्याने पुढे यावे. तुझ्यावर मिळालेल्या वारशापलीकडे बंधन नाही; पण उद्या कमाई सुरू झाल्यावर वडिलांचा एखादा जुना धनको आठवून त्याचे देणे तू फेडलेस, तर तो मोठा सदाचार ठरेल. आणि तुला मिळालेले कर्ज फेडण्याचा निश्चय आजच कर. प्रेषितांनी सांगितले आहे की जो परत करण्याच्या हेतूने लोकांचे धन घेतो, त्याच्या वतीने अल्लाह ते फेडण्याची सोय करतो. आणि जो बुडविण्याच्या हेतूने घेतो, त्याचा अल्लाह नाश करतो.

शेवटी आपण सर्वांनी आणखी एक हदीस ध्यानी ठेवावी. प्रेषितांनी सहाबींना विचारले की मुफलिस कोण? त्यांनी उत्तर दिले की ज्याच्याजवळ पैसा व वस्तू नाहीत तो. प्रेषितांनी सांगितले की खरा मुफलिस तो, जो नमाज, रोजे आणि जकात घेऊन कियामतच्या दिवशी येईल. पण त्याने कोणाला शिवी दिली असेल, कोणावर आळ घेतला असेल, कोणाचे धन खाल्ले असेल. त्याची पुण्ये त्या लोकांना वाटली जातील आणि ती संपली की त्यांची पापे त्याच्यावर टाकली जातील. जो नादार मनुष्य खोटे बोलून कर्ज घेतो त्याने हे वाचावे. आणि जो संपन्न मनुष्य नादाराच्या मुलाला भर बाजारात वडिलांच्या कर्जावरून टोमणा मारतो त्यानेही वाचावे. जगातील दिवाळ्याला मुदत असते, मुक्तता असते, पुन्हा उभे राहण्याची संधी असते. त्या दिवसाच्या दिवाळ्यानंतर कोणतेही न्यायालय नाही.

अल्लाह आम्हांस हलाल उपजीविका देवो, कर्जाच्या ओझ्यापासून व लोकांच्या दडपणापासून आमचे रक्षण करो आणि आमच्या मुलांसाठी उपयुक्त ज्ञानाची दारे उघडो. आमीन.

घरी व अभ्यासवर्गात चर्चेसाठी

1. सूरह अल्-बकराच्या 275 ते 282 या आयती अर्थासह वाचा. व्याजबंदी, सवड आणि लेखी करार यांपैकी कोणती आज्ञा आपल्या घरात सर्वांत कमी पाळली जाते?
2. फळांवर आपत्ती आलेला मनुष्य आणि उसैफिअ यांच्या नादारीत काय फरक होता? आपल्या कुटुंबातील मागील तीन कर्जे कोणत्या प्रकारची होती?
3. मा. मुआज (रजि.) यांना यमनला पाठविण्याच्या निर्णयातून आपल्या जमातीने कोणता धडा घ्यावा?
4. आपल्या गावात शिक्षणासाठी कर्ज-ए-हसना निधी आहे का? नसल्यास तो सुरू करण्यासाठी या महिन्यात कोण, कोणाशी बोलेल?